संगीतकार गोविंदराव टेंबे

इ. स. १९३१ पूर्वी भारतीय चित्रपट मुके होते. पडद्यावरील माणसे ओठ हालवीत. परंतु प्रेक्षकांच्या कानी शब्द पडत नसे. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. त्याला सुरांचा साज चढविला गोविंदराव टेंबे यांनी.

गोविंदरावांचा जन्म १८८१ सालचा. हार्मोनियमवर त्यांची बोटे फिरू लागली, की पेटीच गात आहे असा भास होई. परंतु केवळ वादनातील कीर्तीवर ते संतुष्ट राहिले नाहीत. भास्करबुवा बखले यांच्या सहवासात त्यांनी रागदारीचा कसून अभ्यास केला. १९११ साली ‘मानापमान’ नाटकातील पदांना त्यांनी दिलेल्या चाली महाराष्ट्रभर दुमदुमल्या.

बोलपट आला तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. नव्या कलेत अपयश आले असते, तर मिळविलेल्या नावास बट्टा लागला असता. तरीही ते मागे सरले नाहीत. त्या काळी गाणे अगोदर ध्वनिमुद्रित करून ठेवीत नसत. नटाला कॅमेऱ्यापुढे अभिनय करता करताच गावे लागे. वादक दृष्टीआड बसत. एक सूर चुकला, की सारे दृश्य पुन्हा घ्यावे लागे. अशा स्थितीत गोविंदरावांनी संगीत तर दिलेच. शिवाय राजा हरिश्चंद्राची भूमिकाही स्वतः गाऊन वठविली.

१९५५ साली त्यांचे निधन झाले. उतारवयातही शिकण्याची वृत्ती न सोडणारा हा कलावंत मराठी चित्रपटसंगीताचा पाया घालून गेला.