नान्सेन आणि ध्रुवसमुद्रांतील ऊब

बर्फावरचा वीर म्हणून फ्रिट्यॉफ नान्सेन जगास ठाऊक आहे. आम्हांस मात्र त्याच्या धाडसापेक्षां त्याच्या उष्णतामापकाचें मोल अधिक वाटतें.

नॉर्वे देशांत, हल्लींच्या ऑस्लो शहरानजीक, १८६१ सालीं तो जन्मला. सैबीरियाच्या उत्तरेस १८८१ मध्यें बुडालेल्या ‘जीनेट’ जहाजाचे अवशेष तीन वर्षांनीं ग्रीनलंडच्या किनाऱ्यास लागले. त्यावरून ध्रुवाकडील बर्फ समुद्र ओलांडून वाहत असला पाहिजे, असें अनुमान त्यानें केलें. मग ज्या बर्फानें इतरांचीं जहाजें चिरडलीं, त्यांत आपण होऊन अडकण्यासाठीं त्यानें ‘फ्राम’ हें वाटोळ्या बुडाचें जहाज बांधविलें. कित्येक जाणत्या प्रवाशांनीं हा बेत वेडेपणाचा ठरविला. तरी १८९३ मध्यें बारा सोबत्यांसह तो निघालाच.

तो समुद्र उथळ असावा, अशी समजूत होती. तळ लागेना, तेव्हां जहाजावरील पोलादी दोर उसवून त्याच्या तारा जोडाव्या लागल्या. खोली ३००० मीटरांहून अधिक भरली! उष्णतामापकानें तर त्याहून नवल दाखविलें. वरचें पाणी गोठण्याच्या बेतांत, आणि सुमारें २०० मीटरांखालीं शून्य अंशाहून उष्ण पाण्याचा जाड थर. हें पाणी अटलांटिक महासागरांतून आलेलें, खारट म्हणून जड, आणि म्हणूनच खालीं गेलेलें, हें त्यानें ताडलें. वरचें कमी खारट पाणी झांकणासारखें आड येतें. एरव्हीं ती ऊब बर्फास केव्हांच भिडली असती.

१८९५ मध्यें योहान्सेनसह तो कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाला व ८६ अंश १४ कलांपर्यंत जाऊन परतला. १८९६ मध्यें तेराही जण सुखरूप मायदेशीं आले. पुढें निर्वासितांच्या सेवेबद्दल १९२२ चें शांततेचें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें. १९३० मध्यें तो निवर्तला.

तो ऊबदार थर आज शास्त्रज्ञांच्या काळजीचा विषय आहे. संगणकांत पृथ्वीच्या हवामानाची गणिती प्रतिकृति मांडून, महासागरांत सांठलेली उष्णता ध्रुवसमुद्रांत कशी पसरेल, हें ते अजमावतात. परंतु कित्येक प्रतिकृतींत हा थर प्रत्यक्षाहून अधिक जाड व अधिक खोल उतरतो. गणितास अजून त्याचा पुरता थांग लागलेला नाहीं. इकडे सैबीरियाच्या बाजूस तें झांकण दुबळें होत असून, खालची ऊब बर्फापर्यंत पोंचूं लागल्याचें समुद्रांत सोडलेल्या यंत्रांनीं नोंदविलें आहे.