कल्याणची आनंदीबाई: जीव वाचवायचा की लाज?

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात एक मुलगी जन्मली. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी झालं आणि ती आनंदी झाली. गोपाळराव विधुर होते, वयाने बरेच मोठे. बायकोला शिकवायचंच या हट्टापायी ते तिच्यावर हातही उचलायचे. शिक्षण चांगलं, पण मारहाण चुकीचीच, हेही सांगायला हवं.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. योग्य उपचाराअभावी तो दहा दिवसांतच गेला. त्या दुःखातूनच तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं.

त्या काळी डॉक्टर म्हणजे पुरुषच. घरंदाज बाई, हिंदू असो की मुसलमान, परक्या पुरुषाला दुखणं सांगत नसे. घरच्यांपुढे पेच पडायचा, जीव वाचवायचा की लाज? आनंदीबाईंचं उत्तर सरळ होतं. बाईला या दोन्हींतून एक निवडायला लावणंच चूक आहे. तिच्यासाठी बाई डॉक्टर तयार करा.

मग दुसरा पेच आला. गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला मदत मागितली. ख्रिस्ती व्हाल तर मदत करू, असं उत्तर आलं. त्यांनी ते नाकारलं. पुढे थिओडिशिया कार्पेंटर या अमेरिकन बाईंनी कोणतीही अट न घालता तिला घरात आसरा दिला. १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजात त्यांच्याच काळात जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली शिकत होत्या. कडाक्याच्या थंडीतही आनंदीबाईंनी आपला आहार-पेहराव जपला. मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातला स्त्रियांचा वॉर्ड त्यांची वाट पाहत होता. पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

आज कल्याणच्या दूधनाक्यावर किंवा मुंब्रा-कौसात राहणाऱ्या आपल्या घरांत तोच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. रात्री बाळंतीण अडली आणि ड्युटीवर पुरुष डॉक्टर असला, तर काय करायचं? नाइलाजाच्या वेळी शरियतने सवलत दिलेली आहे, जीव आधी. तेव्हा घरच्यांनी अडून बसू नये. पण नर्सचंही कर्तव्य आहे. पडदा ओढावा, हात लावण्याआधी विचारावं, गरजेपुरतंच अंग उघडावं, सोबत एक बाई असू द्यावी. पेशंटचं गुपित ही अमानत आहे, ते शेजारणीला सांगायचं नसतं. आणि मदत करताना पेशंटचा धर्म विचारायचा नसतो.

आपल्या इतिहासातही हजरत रुफैदा अल-अस्लमिया यांनी मदिनेत तंबू टाकून जखमींची सेवा केली. म्हणून ही वाट आपल्याला परकी नाही.

तुमची मुलगी बारावीनंतर नर्सिंग करते म्हणाली, तर लगेच नाही म्हणू नका. हॉस्पिटलात आपल्या आई-बहिणीजवळ बाई नर्स असावी असं वाटतं ना? मग ती कुणाच्या तरी घरातूनच यावी लागेल. तिला शिकू द्या, आणि तिच्या झोपेची-तब्येतीचीही काळजी घ्या.