पोटातील जीवाणूंचा वेध घेणारे मेचनिकोव्ह

मोठ्या आतड्यातील जीवाणूंमुळे शरीराच्या इतर अवयवांनाही अपाय होऊ शकतो, हा विचार आग्रहाने मांडणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांमध्ये इल्या मेचनिकोव्ह यांची गणना होते. त्यांचा जन्म 1845 मध्ये सध्याच्या युक्रेनमधील खारकीव्ह परिसरात झाला.

मेचनिकोव्ह यांच्या पहिल्या पत्नीचे 1873 मध्ये क्षयाने निधन झाले. त्या आघाताने खचून त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. मात्र ते बचावले. 1882 मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. काट्याभोवती फिरत्या पेशी जमल्याचे त्यांना आढळले. पेशी रोगजंतूंना गिळून शरीराचे रक्षण करतात, हा सिद्धान्त त्यातून पुढे आला. या कार्यासाठी 1908 मध्ये त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक देण्यात आले.

ओडेसा येथे त्यांच्या हाताखाली शिकलेले वाल्देमार हाफकिन 1893 मध्ये कॉलऱ्याची लस घेऊन कोलकात्यास आले आणि 1896 मध्ये प्लेगच्या साथीमुळे मुंबईस गेले. या दोन शहरांना जोडणारा लोहमार्ग 1870 मध्ये जबलपूर येथे पूर्ण झाला होता. मुंबईतील हाफकिन संस्था आजही या शिष्याचे नाव चालवीत आहे.

मेचनिकोव्ह 1888 पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. आतड्यात अन्न कुजवणारे जीवाणू विषारी द्रव्ये निर्माण करतात, त्यामुळे रक्तवाहिन्या कठीण होतात व वार्धक्य लवकर येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आंबवलेल्या दुधातील जीवाणू त्यांना आळा घालतील, या विश्वासाने ते स्वतः असे दूध नियमित घेत. मात्र या मताला पुरेसा पुरावा नव्हता. याच विचारसरणीच्या प्रभावाखाली काही शल्यचिकित्सकांनी रुग्णांची मोठी आतडी काढून टाकली. पुढे हा सिद्धान्त मागे पडला. हृदयविकाराने 1916 मध्ये मेचनिकोव्ह यांचे पॅरिस येथे निधन झाले.

जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूमुळे व्रण होतात, हे दाखविणारे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन 2005 मध्ये नोबेलचे मानकरी ठरले. लोहाची कमतरता व रक्तबिंबिका घटणे या विकारांशीही या जीवाणूचा संबंध आढळला आहे. मेचनिकोव्ह यांचे उत्तर अपुरे होते. त्यांचा प्रश्न मात्र योग्य होता.