विश्लेषण : रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे ‘कामगार नेते’ नव्हते?

जून महिना आला की रविवारच्या सुट्टीचे श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांना देणारे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. श्रेय खोटे नाही. पण याच लोखंडेंना कामगार चळवळीच्या इतिहासात अनेक वर्षे दारातच उभे ठेवण्यात आले होते. या वादाचा आजच्या संघटनांशी थेट संबंध आहे.

कोण होते लोखंडे?

जन्म १८४८ चा, ठाण्यातला. शिक्षण बेताचे. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मुंबईच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे कामगारांचे हाल रोज डोळ्यांसमोर होते. गिरणी उजाडता सुरू होई आणि अंधार पडल्यावरच थांबे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे लोखंडे १८८० पासून मुंबईतून ‘दीनबंधु’ चालवू लागले. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले हे पत्र त्यांच्या हातात आल्यावर गिरणगावाचे गाऱ्हाणे मांडणारे व्यासपीठ बनले.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा लहान मुलांपुरताच होता. मोठ्यांच्या तासांवर कसलेही बंधन नव्हते. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडेंनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई, अशा त्यातल्या मागण्या होत्या. दिवस मोजायला घड्याळाऐवजी सूर्य घेतला होता, हे लक्षात घेण्यासारखे.

सहा वर्षांनी, २४ एप्रिल १८९० रोजी, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगार व्यासपीठावरून बोलल्या. त्या काळात हे नवलच! १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या कामात लोखंडेंना सहभागी करून घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम ११ तासांवर आणि मुलांचे ७ तासांवर आणले. पुरुषांना मात्र तासांच्या मर्यादेसाठी १९११ पर्यंत थांबावे लागले.

मग आक्षेप कशावर?

त्यांच्या ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’वर. तिच्याकडे सभासदांची यादी, निधी वा लिखित नियम नाहीत, लोखंडे हे केवळ आलेल्या कामगाराला सल्ला देणारे गृहस्थ आहेत, असा शेरा १८९२ च्या सरकारी फॅक्टरी अहवालात होता. पुढे अनेक अभ्यासकांनी तोच आधार धरून खऱ्या युनियनचा आरंभ १९१८ च्या मद्रास लेबर युनियनपासून मोजला. लोखंडेंना मिळालेली ‘रावबहादूर’ पदवीही डाव्यांना खटकणारी होती. अर्ज-विनंत्या करणारा, संप न पुकारणारा माणूस त्यांच्या लेखी समाजसेवक ठरला.

यातली एक गोष्ट अजब आहे. युनियनची नोंदणी करणारा कायदाच १९२६ चा. १८८४ मधल्या माणसाकडे त्या कायद्याला शोभेल असे रजिस्टर मागायचे कसे? शिवाय संप त्यांना वर्ज्य होता असेही नाही. विधवांचे केशवपन करणार नाही, असा मुंबईच्या नाभिकांचा संप त्यांनीच घडवला. मनोहर कदम यांच्या चरित्रग्रंथाने आणि फुले-आंबेडकरी अभ्यासकांनी लोखंडेंना पुन्हा चळवळीच्या आरंभी आणून ठेवले. जातीचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न एकाच माणसाने हाताळलेला असल्याने हे काम त्यांच्याकडूनच होणार होते. २००५ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले.

आज याचे काय?

डिलिव्हरी करणारे, घरकाम करणाऱ्या, कंत्राटी सफाई कामगार यांच्या अनेक संघटनांकडेही पक्की यादी आणि वर्गणी नसते. मालक कोण, इथपासून वाद. सह्या, मोर्चा, निवेदन हीच त्यांची हत्यारे. यांना युनियन म्हणायचे की नाही, हे ठरवताना लोखंडेंचे उदाहरण पुढे येते. दुसरीकडे, २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास मंजुरी दिली आणि तासांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

लोखंडेंचा शेवट मुंबईतल्या प्लेगात झाला. रुग्णांसाठी इस्पितळ चालवताना त्यांनाही लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. महिनाभराने पुण्यात सावित्रीबाई फुले त्याच साथीत, त्याच कामात गेल्या.