विश्लेषण : घरात बांधता येणारी शिडाची होडी! नौकानयन सामान्यांपर्यंत नेणारे जॅक होल्ट कोण होते?

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे दोन तालुके म्हणजे डोंगर, किल्ले आणि धरणे. भाटघर, नीरा देवघर, पानशेत आणि वरसगाव या चार जलाशयांत मिळून ५८ टीएमसीहून अधिक पाणी मावते, गुंजवणी त्याखेरीज. एवढे पाणी असूनही होडी म्हटले की इथे दोनच चित्रे डोळ्यांसमोर येतात : पर्यटकांना फेरी मारून आणणारी मोटरबोट किंवा जलाशयापलीकडच्या वाडीवर जाणारी लाँच. दोघांनी सकाळी पाण्यात उतरवायची, दिवसभर वाऱ्यावर फिरवायची आणि संध्याकाळी उचलून घरी न्यायची छोटी शिडाची होडी म्हणजे डिंगी. ती मात्र अजूनही श्रीमंतांची नाहीतर लष्करातल्यांची हौस समजली जाते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमध्येही बऱ्याच अंशी अशीच स्थिती होती. ती बदलण्यात सर्वात मोठा वाटा एका सुतारकाम शिकलेल्या माणसाचा होता. त्यांचे नाव जॅक होल्ट.

जॅक होल्ट कोण होते?

होल्ट यांचा जन्म १९१२ मध्ये झाला. त्यांनी फर्निचर बनवण्याचे सुतारकाम शिकले आणि पुढे तेच कसब होड्यांकडे वळवले. लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी, पटनी येथे त्यांची कार्यशाळा होती. ते स्वतः शर्यतीत उतरत. त्यामुळे कागदावर काढलेली रेघ पाण्यात कशी वागते, हे त्यांना हाताने ठाऊक होते. बीचर मूर हे अमेरिकी वंशाचे व्यावसायिक त्यांचे भागीदार झाले. होड्या आखायच्या होल्ट यांनी आणि त्या लोकांपर्यंत पोहोचवायच्या मूर यांनी, अशी ही जोडी जमली.

१९४६ मध्ये त्यांची ‘मर्लिन’ ही १४ फुटी शर्यतीची डिंगी आली आणि होल्ट यांचे नाव झाले. पण मर्लिन कसबी कारागिरांनीच बांधायची होडी होती. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये लाकडाची टंचाई होती, लोकांचे खिसे रिकामे होते. होल्ट यांच्या खऱ्या कामाची सुरुवात इथून होते.

तोपर्यंत होडी महाग का होती?

जुन्या पद्धतीत आधी कणा, त्यावर बरगड्यांसारखे वाक आणि मग एकावर एक चढणाऱ्या पातळ फळ्या, असे काम चाले. प्रत्येक फळी वेगळ्या आकारात तासावी लागे, शेकडो तांब्याचे खिळे ठोकावे लागत. शिवाय अशी होडी बरेच दिवस कोरडी राहिली की फळ्या आकसतात आणि पाण्यात टाकल्यावर सांध्यांतून गळती सुरू होते. आठवड्यातून एकदाच होडी काढणाऱ्या नोकरदाराला हे परवडणारे नव्हते.

युद्धाने एक गोष्ट मात्र दिली होती. पाण्याने न सुटणारे कृत्रिम गोंद सुधारले होते आणि त्यामुळे टिकाऊ मरीन प्लायवूड मिळू लागले होते. ब्रिटनचे ‘मॉस्किटो’ हे लढाऊ विमानही मुख्यतः प्लायवूड आणि गोंदाचेच होते. हाच माल होल्ट यांनी होडीसाठी घेतला.

प्लायवूडचा पत्रा एका दिशेने सहज वाकतो. एकाच वेळी दोन दिशांनी, म्हणजे वाटीसारखा, तो वाकत नाही. म्हणून होल्ट यांनी होडीचा आकारच बदलला. गोलाई काढून टाकली आणि तळाचा पत्रा व बाजूचा पत्रा जिथे भेटतात तिथे स्पष्ट कड ठेवली. नौकाबांधणीत या कडेला ‘चाइन’ म्हणतात. आता होडीचे भाग सपाट पत्र्यावर आखून, कापून आणि जोडून तयार करता येऊ लागले.

१९४७ ची ‘कॅडेट’ ही मुलांसाठीची छोटी डिंगी याच विचारातून आली. तिचे नाक टोकदार नव्हते, खोक्यासारखे कापलेले होते. त्यामुळे प्लायवूड फार वाकवावे लागत नाही आणि कमी लांबीत जागा जास्त मिळते. १९४९ मध्ये ‘जीपी १४’ आली. जीपी म्हणजे जनरल पर्पज : शर्यत, सहल, वल्हवणे, सगळ्याला चालणारी.

वृत्तपत्रांनी होड्या का काढल्या?

होल्ट यांच्या दोन सर्वात गाजलेल्या होड्यांमागे वृत्तपत्रे होती. १९५६ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ने ‘एंटरप्राइज’ बाजारात आणली. ४.०४ मीटर लांबी, दोघांची जागा, तळाला दुहेरी कड आणि लांबूनच ओळखू येणारी निळी शिडे. एवढीशी होडी कितपत टिकते हे दाखवण्यासाठी अशा दोन होड्यांनी ऐन थंडीत, रात्रीच्या वेळी इंग्लिश खाडी ओलांडली. पुढे जगभरात २० हजारांहून अधिक एंटरप्राइज बांधल्या गेल्या. ‘न्यूज क्रॉनिकल’ १९६० मध्ये बंद पडले. होडी मात्र चालू राहिली.

त्यानंतर १९६३ मध्ये ‘डेली मिरर’ची ‘मिरर’ आली. तिची लांबी ३.३ मीटर, रिकाम्या होडीचे वजन सुमारे ४५ किलो आणि शिडे लाल. घरगुती दुरुस्तीचे कार्यक्रम टीव्हीवर करणारे बॅरी बकनेल यांनी सुचवलेल्या जोडणीच्या पद्धतीला होल्ट यांनी शर्यतीत धावू शकेल अशा होडीचे रूप दिले. प्लायवूडच्या तुकड्यांना कडेला भोके पाडायची, तांब्याच्या तारेने ते चक्क शिवायचे आणि शिवणीवर फायबरग्लासची पट्टी रेझिनने चिकटवायची. पद्धतीचे नावच ‘टाके आणि गोंद’.

पूर्ण किटची किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग. गॅरेजमध्ये, परसात, कुणी तर घरातल्या खोलीतच मिरर बांधल्या. डोलकाठी आणि त्यावरची काठी वेगळी केली की दोन्ही होडीतच मावत, आणि होडी गाडीच्या टपावर जाई. अशा ७० हजारांच्या आसपास होड्या तयार झाल्या.

वाऱ्याच्या विरुद्ध होडी कशी जाते?

डिंगीच्या तळातून एक पाते खाली सोडलेले असते. वारा शिडाला तिरका ढकलतो, पण पात्यामुळे होडीला आडवे सरकता येत नाही. मग ती पुढे निसटते. ओला चिंचोका चिमटीत दाबला की निसटतो तशी. थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते. एंटरप्राइजसारख्या होडीत हे पाते खिळीभोवती फिरते. उथळ पाण्यात ते तळाला लागले तर वर उचलले जाते.

तोल सांभाळायला मोठ्या नौकेसारखे शिसे तळाशी नसते. होडी एका बाजूला कलली की माणसांनीच दुसऱ्या काठावर सरकायचे. म्हणून डिंगी हलकी असते आणि म्हणूनच ती उलटतेही.

उलटली तर?

होल्ट यांनी ही शक्यता गृहीतच धरली होती. मिररच्या पुढच्या भागात आणि दोन्ही बाजूंना बंद हवेच्या पेट्या बांधणीतच आहेत. होडी आडवी झाली तरी तरंगत राहते. पाण्यात पडलेल्याने बाहेर आलेल्या पात्यावर उभे राहून काठ ओढायचा, की होडी सरळ होते. पाणी उपसायचे आणि पुढे निघायचे. नवशिक्यांना पहिल्याच दिवसांत होडी मुद्दाम उलटवून हा सराव दिला जातो. लाइफ जॅकेट अर्थातच बंधनकारक.

भारताशी काय संबंध?

१९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेतील नौकानयन मुंबईत झाले आणि त्यात एंटरप्राइज हा एक प्रकार होता. त्याच स्पर्धेत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ प्रकारात भारताला सुवर्ण मिळवून दिले. फायरबॉल ही पीटर मिल्न यांची रचना असली, तरी तीही घरी बांधता यावी अशीच आखलेली प्लायवूडची कडेदार होडी. भोर-वेल्ह्यापासून जवळचे उदाहरण म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तेथील छात्र जलाशयाच्या पीकॉक बे भागात शिडाच्या होड्या चालवायला शिकतात.

भोर-वेल्ह्यासाठी यात काय आहे?

पहिली गोष्ट इंधनाची. पानशेत आणि वरसगावचे पाणी पुणेकर पितात. शिडाच्या होडीला डिझेल-पेट्रोल लागत नाही, त्यामुळे पाण्यावर तेलाचा तवंग येत नाही.

दुसरी पाणीपातळीची. मे महिन्यात काठ दूर जातो, तळातले खडक आणि जुनी बांधकामे वर येतात. हलकी, उचलून नेता येणारी आणि पाते वर घेता येणारी होडी अशा ठिकाणी सोयीची. डोंगरांच्या कुशीतला वारा मात्र अचानक दिशा बदलतो, म्हणून प्रशिक्षणाला पर्याय नाही.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट जिवाची. धरणात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. काठावर राहणाऱ्या मुलांना पोहणे, लाइफ जॅकेट आणि उलटलेली होडी सरळ करणे शाळेच्या वयातच शिकवता आले, तर ती हौस राहत नाही. अर्थात जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत आहेत. परवानगीशिवाय आपली होडी तिथे उतरवता येत नाही.

होल्ट यांना १९७९ मध्ये ‘ओबीई’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कॅडेट, जीपी १४, एंटरप्राइज आणि मिरर या होड्यांच्या शर्यती आजही होतात. मिररसारखी होडी बांधायला मुख्यतः प्लायवूड, तार आणि गोंद लागतो, ही त्यांच्या कामातली सर्वात उपयोगी बाब आहे. यातले काहीही भोरच्या किंवा नसरापूरच्या बाजारपेठेतल्या सुताराला अनोळखी नाही.