समुद्राला शिक्षक मानणारे कुर्ट हान



आपण माळव्यातली माणसे. आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला तो सुट्टीत मुंबईला मामाकडे गेल्यावर, नाहीतर शाळेच्या सहलीत. मग शिडाच्या होड्या चालवायला शिकवणाऱ्या शाळांशी आपला काय संबंध, असे कोणालाही वाटेल. तरीही या अंकात आम्ही अशा शाळा उभ्या करणाऱ्या एका थोर शिक्षकाची ओळख करून देत आहोत.

कुर्ट हान यांचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिनमधील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांना उष्माघात झाला आणि त्याचा त्रास आयुष्यभर पुरला. ऊन त्यांना सोसत नसे, बाहेर पडताना मोठ्या काठाची टोपी लागे. असा हा प्रकृतीने नाजूक माणूस पुढे मुलांना उघड्या समुद्रावर पाठवू लागला.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, जर्मनीचे माजी चॅन्सेलर प्रिन्स मॅक्स यांच्यासह त्यांनी झालेम येथे शाळा काढली. पुस्तकी अभ्यासाबरोबर मुलांच्या अंगी जबाबदारी यावी, हा तिचा हेतू होता. १९३२ मध्ये पोटेम्पा या गावी नाझींनी एका मजुराला त्याच्या आईसमोर ठार मारले आणि हिटलरने त्या मारेकऱ्यांची उघड पाठराखण केली. तेव्हा हान यांनी माजी विद्यार्थ्यांना पत्रे लिहून कळवले की, हिटलर किंवा झालेम, दोघांपैकी एकाशीच नाते ठेवता येईल. परिणाम ठाऊक असूनही त्यांनी हे धाडस केले. मार्च १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. ब्रिटनमधील मित्रांनी व पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांनी रदबदली केल्यावर सुटका झाली आणि वयाच्या ४७ व्या वर्षी मायदेश सोडावा लागला.

पण ते खचले नाहीत. १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ गॉर्डनस्टन शाळा सुरू केली. जवळच्या होपमन बंदरात मुले होडी वल्हवायला, शिडे सांभाळायला शिकत. वादळी हवेत किनाऱ्यावर पहारा देऊन संकटातील जहाजांवर नजर ठेवण्याचे कामही मुलांकडे असे. राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप हे इथलेच विद्यार्थी.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजे बुडवू लागल्या. जहाज कंपनीचे एक मालक लॉरेन्स होल्ट यांच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. जीवरक्षक होड्यांत धडधाकट तरुण खलाशी आधी प्राण सोडत आणि शिडाच्या जहाजांवर वाढलेले वयस्क खलाशी तग धरत. तरुणांच्या अंगात बळ होते, पण आपण निभावून नेऊ हा विश्वास त्यांना कोणी कमावू दिला नव्हता. होल्ट आणि हान यांनी मिळून १९४१ मध्ये वेल्समधील अॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही सागरी शाळा उघडली. बंदर सोडून निघालेले जहाज, असा या नावाचा अर्थ.

सुमारे महिनाभराच्या या वर्गात शिकाऊ खलाशी, कारखान्यांतली पोरे आणि शाळकरी मुले एकत्र राहत. होडी चालवणे, होकायंत्र व नकाशा घेऊन डोंगर पार करणे, बुडत्याला वाचवणे हे सारे शिकवले जाई. प्रत्येकाला खलाशी बनवणे हा उद्देश नव्हता. वारा आणि लाटा कोणाचे लाड करत नाहीत. एकाने दोर सोडला तर सगळी होडी अडचणीत येते. हे मुलांना अनुभवातून कळावे, म्हणून समुद्राची निवड झाली होती. आज आउटवर्ड बाउंडच्या शाखा तीसहून अधिक देशांत आहेत आणि त्यांतल्या कित्येक डोंगरात किंवा रानात चालतात.

१९६२ मध्ये हान यांच्या कल्पनेतून वेल्समध्येच अटलांटिक कॉलेज सुरू झाले. निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी तिथे एकत्र शिकत आणि किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवण्याची सेवा करत. समुद्रातील बचावकार्यासाठी आज जगभर वापरली जाणारी, तळ कडक आणि कडा हवेने फुगवलेली होडी याच कॉलेजात आकाराला आली. याच परिवारातील एक महाविद्यालय १९९७ पासून पुण्याजवळ मुळशीच्या डोंगरात आहे. ते पाहायला हान मात्र नव्हते. १४ डिसेंबर १९७४ रोजी त्यांचे जर्मनीत निधन झाले.

त्यांची शिस्त कडक होती आणि ती प्रत्येक मुलाला मानवेलच असे नाही, हेही आम्ही नमूद करतो. पण एक गोष्ट पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनी जरूर विचारात घ्यावी. आपण मुलांना धोक्यापासून जपतो, ते योग्यच आहे. मात्र, देखरेखीखाली का होईना, कधी एखादी खरी जबाबदारी त्यांच्या हाती देतो का? आपल्याकडे समुद्र नसला तरी विंध्याचे डोंगर आहेत, पोहण्याचे तलाव आहेत, प्रथमोपचाराचे वर्ग भरवता येतात. आणि मित्रांनो, पुढच्या सहलीत वर्गातला कोणी मागे राहिला, तर त्याच्यासाठी थांबणारे तुम्ही व्हा. हान यांच्या शाळेचा पहिला धडा तिथूनच सुरू होतो.