संत रोहिदासांची रापी

माघी पौर्णिमेला संत रोहिदासांची जयंती येते. उत्तरेत त्यांना रविदास किंवा रैदास म्हणतात, आपल्याकडे ते रोहिदास झाले. पंधराव्या-सोळाव्या शतकांत काशीक्षेत्री हा महात्मा होऊन गेला. काशीजवळचे सीर गोवर्धनपूर हे त्यांचे जन्मस्थान, अशी परंपरा आहे. जात चांभाराची, धंदा जोडे शिवण्याचा.

सज्जनहो, हा धंदा म्हणजे काय ते आधी नीट ध्यानात घ्यावे, म्हणजे चरित्राचा रस येईल. मेलेल्या जनावराचे कातडे आणायचे, चुन्याच्या पाण्यात मुरवून त्याचे केस काढायचे, आतल्या अंगाचे मांस खरवडायचे. मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात ते दिवसचे दिवस ठेवायचे. साल आतपर्यंत मुरली म्हणजे कातडे कुजायचे थांबते. पुढे धुऊन, तेल चोळून ते वाळवायचे. इतके झाल्यावर जोडे करणाराचे काम सुरू. तो ते कातडे कुंडीत भिजवून मऊ करतो, रापीने बेततो, कडा तासतो, आरीने भोके पाडतो आणि मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालतो. टाका सैल पडला तर जोडा उसवतो. भोके फार जवळ आली तर कातडे चिरते. हात स्थिर आणि मन ठिकाणावर असल्याशिवाय हे जमत नाही. शेतकऱ्याची मोट, पखाल, घोड्याचे खोगीर, शिपायाचा कमरपट्टा, सगळे कातड्याचेच. लोकांना वस्तू हवी होती, करणाराचा हात मात्र नको होता.

अशा घरात रोहिदास वाढले. दारी साधू आला की जोडा त्याच्या पायात घालायचे आणि दाम विसरायचे, ही त्यांची रीत. बापाला हे परवडेना. त्याने मुलाला आणि सुनेला घरामागच्या जागेत वेगळे काढले. तिथे झोपडी घालून रोहिदास जोडे शिवू लागले, आणि मिळेल त्यात देवाची पूजा व संतांची सेवा चालू राहिली. तक्रार नाही, भांडण नाही.

एकदा एक साधू परीस घेऊन आला. त्याने तो रापीला लावला, रापी सोन्याची झाली. रोहिदासांना आनंद झाला नाही. आता असे पाहा, सोन्याच्या रापीने कातडे कापेल का? तिला धार टिकायची नाही. पोटाचे आणि सेवेचे साधन गेले, आणि घरात आला तो लोभ! साधू परीस झोपडीच्या छपरात खोचून गेला. तेरा महिन्यांनी परत येऊन पाहतो तो परीस जिथल्या तिथे. हा वैराग्याचा कळस. हे वैराग्य रानात जाऊन आलेले नाही, रापी हातात धरून आलेले आहे.

गंगेची कथाही सर्वश्रुत आहे. गंगास्नानाला निघालेल्या ब्राह्मणाजवळ रोहिदासांनी आपली छोटीशी भेट दिली. गंगामाईने हात वर करून ती घेतली आणि सोन्याचे कंकण दिले. पुढे राजाने त्याच्या जोडीचे दुसरे कंकण मागितले, तेव्हा ते चामडे भिजवायच्या काठवटीतून निघाले. गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वकर्मानेच ईश्वराची पूजा करावी असे सांगितले आहे. ती शिकवण रोहिदास रोज त्या काठवटीपाशी बसून जगत होते.

आता एका गोष्टीचा विचार करू. चित्तोडच्या झाली राणीने रोहिदासांना गुरू केले. ब्राह्मण पंगतीला बसले, तो दर दोघांमध्ये एक रोहिदास दिसू लागले. आणि शेवटी त्यांनी छातीच्या कातडीखालचे सोन्याचे जानवे दाखवले, असे सांगतात. प्रियादासांनी 1712 साली भक्तमालेवर टीका लिहिली, तीत तर रोहिदास पूर्वजन्मीचे ब्राह्मण होते असे येते. सांगणाऱ्यांचा भाव वाईट नव्हता. परंतु ऐकणाराच्या मनात काय उरते? एवढे मोठेपण आले ते आत ब्राह्मण होता म्हणून! मग नामाचा महिमा कुठे राहिला?

रोहिदासांनी स्वतः काय म्हटले ते पाहावे. 1604 साली शिखांच्या आदिग्रंथाचे संकलन झाले, त्यात त्यांची चाळीस पदे आहेत. त्यांत ते आपली जात लपवीत नाहीत. आपले जातभाई अजूनही काशीच्या आसपास मेलेली ढोरे वाहतात, आणि नामाला शरण गेल्यामुळे ब्राह्मण मला दंडवत घालतात, असे ते उघड सांगतात. एका पदात आरी आणि रापी यांचीच भाषा आहे. लोक माझ्याकडे जोडे सांधायला येतात, मला तर सांधता येत नाही. सांधीत सांधीत जग झिजून गेले आणि मी न सांधताच रामाला जोडला गेलो, असा त्याचा भाव. आणखी एका पदात तरून गेलेल्यांची नावे आहेत. त्यात कबीर, त्रिलोचन, सदना कसाई, सेना न्हावी यांच्याबरोबर आपले नामदेवराय आहेत. काशीच्या चांभाराने पंढरीच्या शिंप्याची साक्ष काढावी, याहून मोठे सोयरेपण कोणते? त्यांना जानव्याची साक्ष लागली नाही. ती आपल्याला लागते.

महीपतीबाबांनीही आपल्या भक्तचरित्रांत रोहिदासांना जागा दिली. तरी व्यवहारात काय झाले? आपले कीर्तन ज्याच्यावर उभे राहते त्या मृदंगाच्या पुड्या कातड्याच्या आणि त्या ताणून धरणाऱ्या वाद्याही कातड्याच्या. ते कातडे शतकानुशतके देवापुढे वाजले. पण ते कमावणाराला आणि शिवणाराला पंढरीच्या मंदिरात जायला 1947 साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावले तेव्हा!

म्हणून कीर्तनकार मंडळींना विनंती एवढीच, की माघी पौर्णिमेचे रोहिदास-चरित्र एका वस्तीपुरते ठेवू नका, गावच्या देवळात सांगा. गंगेची कथा सांगा, परिसाची सांगा. जानव्याची सांगायची तर पुढे हेही सांगा, की संतांनी स्वतः आपल्या पदांत आरी आणि रापी दाखवली, जानवे नव्हे.

॥ राम कृष्ण हरि ॥